म्हाताऱ्या कुत्र्याने जेवण सोडलं तर

तेरा वर्षांचा कुत्रा वाटीपाशी येतो, वास घेतो, दोनदा ओठ चाटतो आणि मान वळवून निघून जातो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "वय झालंय आता त्याचं." या एका वाक्यात मोलाचे दिवस वाया जातात. वयाबरोबर हिंडणं-फिरणं कमी होतं, त्यामुळे जेवण थोडं घटणं स्वाभाविक आहे. पण जेवण सुटतं ते दुखण्यामुळे, मळमळीमुळे, तापामुळे किंवा आतला एखादा अवयव थकल्यामुळे. यातली बरीच कारणं बारा-चौदा वर्षांच्या कुत्र्यातही बरी होतात, निदान आटोक्यात तरी राहतात. म्हणून आधी कारण शोधायचं, मग कोंबडी-भात शिजवायचा.

ग्रेट डेनसारखी अवाढव्य कुत्री सहाव्या-सातव्या वर्षीच म्हातारी होतात. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड आठव्या वर्षाच्या आसपास. पॉमेरियनसारखी छोटी कुत्री आणि आपली गावठी कुत्री दहाव्या वर्षापर्यंत टणटणीत असतात. या वयानंतर जेवणातला कोणताही बदल हलक्यात घेऊ नका.

किती वेळ थांबायचं

एक वेळचं जेवण टाळलं, पण पाणी पितोय, हाक मारली की येतोय, शी-शू नेहमीसारखी आहे, तर पुढच्या वेळेपर्यंत वाट पाहायला हरकत नाही. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. ४८ तास झाले तर दवाखाना गाठायचाच. कुत्रा आधीच हडकलेला असेल, पाच किलोच्या आतला असेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार ठाऊक असेल तर २४ तासांवरच जा. मधुमेही कुत्रा जेवला नाही तर इन्सुलिनचा नेहमीचा डोस टोचू नका. आधी डॉक्टरांना विचारा, कारण उपाशीपोटी साखर झपकन खाली येते आणि झटके येऊ शकतात.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र रात्री दोन वाजताही निघायचं:

- पोट फुगलंय, उलटीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही. जठराला पीळ पडल्याची ही खूण आहे आणि इथे तासांचा हिशेब असतो.
- हिरड्या पांढुरक्या, निळसर किंवा पिवळ्या पडल्या आहेत.
- शी डांबरासारखी काळी-चिकट आहे, किंवा उलटीत रक्त आहे.
- पडून असतानाही धाप लागते, मान पुढे ताणून श्वास घेतो.
- बारा तासांत लघवी नाही, किंवा जोर करूनही थेंबच येतात.
- कोसळला, झटका आला, उठताच येत नाही.

कोसळण्याबद्दल थोडं सविस्तर. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत प्लीहेवर गाठ होते आणि ती आतल्या आत फुटते. कुत्रा अचानक लटपटतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, जेवत नाही. दुसऱ्या दिवशी पोटात सांडलेलं रक्त अंगात शोषलं जातं आणि तो उठून जेवतोसुद्धा. घरचे निर्धास्त होतात. आठवडाभराने गाठ पुन्हा फुटते. "काल कोसळला पण आज बरा आहे" अशा कुत्र्याची पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्या.

वाटीसमोरची दोन मिनिटं

कारणाचा निम्मा उलगडा इथेच होतो. वाटी ठेवा, जरा लांब बसा, हाका मारू नका, नुसतं पाहा.

खायचंय पण खाता येत नाही: असा कुत्रा उत्साहाने येतो. घास उचलतो, खाली टाकतो, डोकं एका बाजूला कलवून चावतो, कधी चावताना कण्हतो. कडक बिस्किट सोडून मऊ भात खातो. हे दुखणं तोंडातलं. किंवा मान-पाठ दुखते म्हणून खाली वाकणं नकोसं होतं. वाटी छातीच्या उंचीला स्टुलावर धरा. लगेच खाऊ लागला तर दुखणं मानेत नाहीतर सांध्यांत आहे.

भूक आहे पण मळमळतंय: हा येतो, वास घेतो, ओठ चाटतो, आवंढे गिळतो, लाळ गाळतो आणि फिरतो. अंगणात जाऊन गवत खातो. वाटी जवळ सरकवली की मागे सरकतो. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड, किंवा चालू असलेल्या एखाद्या औषधाचा हा परिणाम असतो. अशा कुत्र्याच्या तोंडात घास कोंबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मळमळत असताना जे भरवलं त्याचीच त्याला किळस बसते आणि बरा झाल्यावरही तो त्या पदार्थाला तोंड लावत नाही.

कशातच लक्ष नाही: वाटीकडे येतच नाही, कोपऱ्यात झोपून राहतो. ताप, रक्त कमी होणं, पोटातली गाठ, पू, हृदयाचा आजार असं काहीतरी शोधायचं असतं. यात विस्मरणाची कुत्रीही येतात. त्यांना वाटी कुठे आहे तेच आठवत नाही. दार उघडतं त्याच्या उलट बाजूला, बिजागरीकडे तोंड करून उभी राहतात, रात्रभर फेऱ्या घालतात. त्यांच्या नाकापाशी घास धरला की मात्र आवडीने खातात.

आणि एक घाबरवणारं चित्र. मान एका बाजूला वाकडी, डोळ्यांची बुबुळं सतत हलताहेत, कुत्रा एकाच बाजूला लोळतोय. घरचे याला लकवा समजतात आणि आशा सोडतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे बहुतेक वेळा अंतर्कर्णातला तोल बिघडल्यामुळे होतं. त्याला बोटीत बसल्यासारखी मळमळ होते म्हणून तो जेवत नाही. मळमळीचं औषध, अंगाला दोन्ही बाजूंनी उशांचा टेकू आणि हाताने भरवणं, एवढ्यावर बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत सावरू लागतात, दोन-तीन आठवड्यांत चालू लागतात. मान किंचित तिरकी राहते कधी कधी. डॉक्टरांनी कान आणि मेंदूची बाजू तपासल्याशिवाय घाईचा निर्णय घेऊ नका.

घरी करायची तपासणी

वजन. तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. उचलता येत नसेल तर दवाखान्यातला काटा वापरा. महिन्याला एकदा, एकाच काट्यावर. २० किलोच्या कुत्र्याचं महिन्यात एक किलो घटलं तर ती मोठी घट आहे. पोट तसंच राहून पाठीचा कणा, खुब्याची हाडं वर आली असतील आणि कपाळाच्या बाजूंना खळगे पडले असतील तर स्नायू झिजताहेत. केसाळ कुत्र्यात हे डोळ्यांना दिसत नाही, हात फिरवूनच कळतं.

हिरड्या. वरचा ओठ उचला. गुलाबी हिरडीवर बोट दाबा, पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर-बुळबुळीत हवी. बोट चिकटत असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय.

दात. ओठ मागच्या बाजूला खेचून वरची मोठी दाढ पाहा. कीट सगळ्यात जास्त तिच्यावरच साठतं. हिरडीच्या कडेला लाल रेघ, पिवळट-तपकिरी दगडासारखा थर, हलणारा दात, कुजका वास यांची नोंद घ्या. डोळ्याच्या खाली गालावर सूज आली असेल, किंवा तिथून पू येत असेल, तर डोळ्यात थेंब टाकत बसू नका. त्याच दाढेच्या मुळाशी गळू झालेलं असतं. जिभेच्या कडेला पांढरट व्रण आणि तोंडाला अमोनियासारखा वास असेल तर मूत्रपिंडाकडे लक्ष द्या.

ताप. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून साधारण एक इंच आत. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. १०३ च्या पुढे ताप, १०४ ला दवाखाना, आणि ९९ च्या खाली गेलं तर त्याहून घाई. नाक कोरडं की ओलं यावरून ताप कळत नाही.

श्वास. गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० पेक्षा जास्त सतत येत असेल तर हृदय-फुप्फुसं तपासून घ्या. जेवण सुटण्याआधी कित्येकदा हाच आकडा चढतो.

गाठी, गोचिड्या, मागची बाजू. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचिड्या शोधा. नसबंदी न झालेली मादी असेल तर शेवटची माजावर कधी आली होती ते आठवा. माजानंतर साधारण एक-दोन महिन्यांत ती जेवेनाशी झाली, पाणी खूप पिऊ लागली आणि मागून घाण स्राव येत असेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव नसेल तर धोका जास्त, कारण पू आतच कोंडला आहे. यावर शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय आणि तो लांबवता येत नाही.

हे सगळं एका वहीत लिहा. तारीख, काय दिलं, किती खाल्लं (वाटीत टाकताना वजन, उरलेल्याचं वजन), पाणी किती प्यायला, उलटी, शी, औषधं. पाणी मोजायला सकाळी मापाने भांडं भरा आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पितो. १०० मिलीच्या पुढे गेला तर मूत्रपिंड, मधुमेह, गर्भाशयातला पू अशी कारणं तपासावी लागतात. उलटीचा आणि श्वासाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं भीतीने वेगळंच वागतं, आणि तुमच्या व्हिडिओवरून डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

दवाखान्यात काय मागायचं

जेवत नाही म्हटल्यावर यकृताचं टॉनिक आणि बी-कॉम्प्लेक्सची सुई घेऊन घरी यायचं, ही आपल्याकडची सवय आहे. तरुण कुत्र्यात ती खपून जाते. म्हाताऱ्यात आठवडा जातो आणि आजार पुढे सरकतो. रक्ताची पूर्ण तपासणी प्लेटलेटसह, गोचीड तापासाठी रक्ताची काच किंवा चाचणी, क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, यकृताची एन्झाइम्स, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, साखर, सोडियम-पोटॅशियम, एवढं एकाच वेळी करून घ्या. सोबत सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत न्या. कुत्रा पाय वर करतो तेव्हा लांब दांड्याची पळी पुढे धरली की सहज मिळते. लघवीचं विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे तो आकडा) १.०३० च्या वर असेल तर मूत्रपिंड पाणी धरून ठेवतंय. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) वाढलंय आणि हा आकडा १.००८ ते १.०१२ मध्ये अडकलाय, तर बिघाड मूत्रपिंडातच असण्याची शक्यता बरीच मोठी. यानंतर गरजेप्रमाणे सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, रक्तदाब.

जवळ साधनं नसतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं हा चांगला पर्याय आहे. मुंबईत परळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे ही महाविद्यालयं आहेत. जाताना वही आणि चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर ठेवा.

गोचीड तापाविषयी वेगळं सांगायला हवं. आपल्या हवेत गोचिड्या वर्षभर असतात, आणि एर्लिकिया किंवा बबेसिया या गोचिडीतून येणाऱ्या रोगांच्या जुनाट रूपात अंगात ताप नसूनही कुत्रा खंगतो, हिरड्या फिक्या पडतात, प्लेटलेट घटतात. कर्करोग समजून सोडून दिलेली कुत्री यातून उठतात. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन सहसा २८ दिवस चालतं. ते उपाशीपोटी दिलं की उलटी होते आणि कुत्रा आणखीच जेवेनासा होतो. दोन घास पोटात गेल्यावर गोळी, आणि गोळीमागे पिचकारीने थोडं पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण करते. दही-दुधाबरोबर देऊ नका.

दातांबद्दल "या वयात भूल नको" असं ऐकू येतं. रक्ततपासणी आणि हृदय ठीक असेल तर नुसतं वय भुलीच्या आड येत नाही. कुजलेली दाढ काढल्यावर दोन दिवसांत ताटली चाटून पुसणारा म्हातारा कुत्रा हे दृश्य दुर्मीळ नाही. भूल न देता वरवर कीट खरवडून घेण्यात पैसे घालवू नका. रोग हिरडीखाली असतो.

किती आणि काय खायला घालायचं

पडून राहणाऱ्या कुत्र्याची किमान गरज काढायची सोपी रीत: वजन गुणिले ३०, अधिक ७०. २० किलोला ६७० कॅलरी, १० किलोला ३७०. हिंडत-फिरत असेल तर याच्या सव्वा ते दीडपट.

२० किलोच्या कुत्र्याचं दिवसभराचं मऊ जेवण असं:

- कोंबडीच्या छातीचं बिनहाडाचं मांस, शिजलेलं २०० ग्रॅम (कच्चं साधारण २७० ग्रॅम): ३३० कॅलरी
- गिजगा भात १५० ग्रॅम (कोरडा तांदूळ साधारण ५० ग्रॅम): १९५
- एक उकडलेलं अंडं: ७०
- लाल भोपळा शिजवून, ५० ग्रॅम: १२
- साजूक तूप एक छोटा चमचा: ४५

बेरीज ६५० च्या आसपास. मांस ८०० मिली पाण्यात, मीठ-हळद-मसाला काहीही न घालता, मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा. बोटांनी रेषे काढा, दात नसतील तर मिक्सरमधून रव्यासारखं फिरवा. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवा, वर गोठलेली चरबी काढून टाका आणि ते भातावर घालायला वापरा. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर दोन-दोन क्यूब वापरता येतात. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही.

घरात आपल्यासाठी केलेलं अळणी (मटण-कोंबडीचं बिनतिखट पाणी) त्याला देऊ नका. अळणी म्हटलं तरी त्यात कांदा-लसूण असतोच, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉलची गोडी असलेले पदार्थही वर्ज्य. तयार सूपची पाकिटं आणि बाळांचं बाटलीतलं मांसान्न घेताना कांद्याची पूड आहे का ते वाचा.

पोळी-दूध हे आपल्याकडचं ठरलेलं जेवण. म्हाताऱ्या कुत्र्याला दूध पचत नाही, पोट ढुम्म होतं, जुलाब होतात. शिवाय झिजणाऱ्या स्नायूंना लागणारी प्रथिनं त्यातून पुरेशी मिळत नाहीत. पोळी द्यायचीच तर कोंबडीच्या पाण्यात भिजवून, आणि दुधाऐवजी दोन चमचे ताजं दही.

वर दिलेलं जेवण आठवडा-दोन आठवड्यांचं आहे. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. महिनोन्‌महिने घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून पूरकं ठरवून घ्या. अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड अर्धा छोटा चमचा म्हणजे सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला ती आपल्या मनाने नको.

वास हे म्हाताऱ्याचं मोठं आमिष. नाक मंदावलेलं असतं म्हणून थंड अन्न त्याला अन्न वाटतच नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतकं गरम करा. मायक्रोवेव्हमधून काढलं तर ढवळून बोट घालून पाहा, मधे चटका असतो. चिमूटभर भाजलेल्या सुक्या जवळ्याची पूड, एक चमचा ठेचलेली शिजलेली कलेजी, किंवा उकडलेल्या मासळीचं पाणी यांनी कित्येकदा तोंड उघडतं. कलेजी रोजच्या जेवणाच्या विसाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना जवळा आणि कलेजी दोन्ही टाळा, एकात मीठ आणि दुसऱ्यात फॉस्फरस जास्त.

मूत्रपिंडाच्या कुत्र्याचं ताट

याची गणितं उलटी आहेत. इथे मुख्य शत्रू फॉस्फरस. हाडं, कलेजी, मासे, दूध-पनीर, अंड्याचा पिवळा बलक यांत तो भरपूर, पांढऱ्या बलकात अगदी कमी. म्हणून पिवळा काढून टाकलेली अंडी, भात, थोडी कोंबडी, आणि कॅलरी भरायला तूप. कोंबडीचं मांस उकळलं की फॉस्फरस पाण्यात उतरतो. निरोगी म्हाताऱ्यासाठी जे पाणी आपण जपून ठेवलं, ते इथे ओतून द्यायचं. फॉस्फरस बांधणारं औषध दिलं असेल तर ते जेवणात कालवूनच द्यायचं. उपाशीपोटी दिलं तर बांधायला समोर काही नसतं.

क्रिएटिनिन जेमतेम १.५ असताना घाबरून प्रथिनं पार बंद करू नका, स्नायू झिजून कुत्रा लवकर खचतो. आणि मूत्रपिंडाचं खास तयार खाद्य मळमळ थांबल्यावरच सुरू करा, जुन्या जेवणात पाव हिस्सा मिसळून, दहा-बारा दिवसांत पूर्ण. तोंड लावत नसेल तर लक्षात ठेवा, न खाल्लेल्या पथ्याच्या जेवणापेक्षा खाल्लेलं साधं जेवण केव्हाही बरं.

कातडीखाली सलाईन घरी द्यायला डॉक्टर शिकवतात. पिशवी कोमट पाण्यात ठेवून ऊबदार करा, खिडकीच्या गजाला उंच टांगा, दोन खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलून सुई त्या तंबूत घाला. पाण्याचा फुगा नंतर पुढच्या पायाकडे ओघळतो, त्याला घाबरू नका. हृदयाचा आजार असेल तर हेच पाणी फुप्फुसात उतरतं, म्हणून मात्रा डॉक्टरांचीच.

भरवण्याची रीत

दिवसाला चार ते सहा लहान वेळा ठरवा. वाटी पंधरा मिनिटं ठेवा आणि उचला. दिवसभर समोर पडलेलं अन्न उबतं आणि त्या वासानेच मळमळ वाढते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात मोठं जेवण पहाटे आणि रात्री नऊनंतर. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात म्हणून कित्येक कुत्री उभं राहायलाच नको म्हणतात. वाटीपुढे रबराची चटई टाका, एवढ्यानेच जेवण वाढलेलं दिसेल.

हातावरचा घास, मग बोटावर थोडं घेऊन वरच्या ओठाला आतून लावायचं, या क्रमाने जा. पिचकारी सगळ्यात शेवटी, डॉक्टरांना विचारून. कुत्रा शुद्धीवर, बसता किंवा छातीवर टेकलेला हवा. डोकं सरळ, वर उचललेलं नको. १० मिलीच्या पिचकारीचं टोक गाल आणि दातांच्या फटीत बाजूने घाला, ३ ते ५ मिली सोडा, गिळल्याचं पाहा, मग पुढचं. एका बैठकीला किलोमागे ५ मिलीपासून सुरुवात. खोकला आला की थांबा. सरळ घशात मारलेलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचा आवाज घोगरा झाला असेल तर त्याचा घसा नीट मिटत नसतो, तिथे पिचकारी वापरूच नका.

पाच-सहा दिवस उपाशी राहिलेला कुत्रा खाऊ लागला की आनंदाने भरलेली परात पुढे ठेवली जाते. शरीर उपाशीपणाला सरावलेलं असतं, एकदम जेवण पडलं की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस कोसळतं. पहिल्या दिवशी गरजेच्या एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण.

औषधांबाबत

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची जोडगोळी असलेली आपली कोणतीही गोळी कुत्र्याला देऊ नका. जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड जातं. सांध्यांसाठी डॉक्टरांनी दिलेलं मेलॉक्सिकॅमसुद्धा कुत्रा जेवेनासा झाला किंवा उलटी झाली की बंद करून फोन करायचा. स्टिरॉइडबरोबर तर ते मुळीच चालत नाही.

मळमळीवर मॅरोपिटंट किंवा ओंडान्सेट्रॉन, भुकेसाठी मिर्टाझापिन किंवा मिळत असेल तिथे कॅप्रोमोरेलिन, असे खरे उपयोगी पर्याय आहेत. आधी मळमळ थांबवायची, मग भुकेचं औषध. उलट केलं तर फुकट जातं. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर मिर्टाझापिन देण्याआधी डॉक्टरांना आठवण करा.

गोळी जेवणाच्या वाटीत लपवू नका. एकदा कडू लागली की वाटीवरचा विश्वास उडतो. वेगळा, छोटा घास करा: एक साधा, एक गोळीचा, लगेच तिसरा साधा.

जेव्हा अन्नाचा प्रश्नच उरत नाही

काही आजारांत सगळं करूनही तो खात नाही. तेव्हा अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजणी हाताशी असू द्या. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे सगळ्यात चांगली स्थिती (वेदनेतही). ७० पैकी ३५ च्या वर असेल तोवर उपचार चालू ठेवण्यात अर्थ आहे. दर रविवारी घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्या, मग एकत्र पाहा. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली मारा. एका माणसाच्या मनावर हा भार टाकू नये.

निर्णय झाला तर डॉक्टर घरी येतील का ते आधीच विचारून ठेवा. शिरेत सुई बसवतात, गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रा गाढ झोपतो, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. त्यानंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं, स्नायू थरथरतात, डोळे उघडे राहतात, लघवी होते. तेव्हा तो काहीही सोसत नसतो, हे मुलांनाही आधी सांगून ठेवा. खाली जुनी चादर आणि प्लास्टिक अंथरा. गुंगी येईपर्यंत हात डोक्यावर असू द्या, ऐकू कमी येणाऱ्यालाही स्पर्श कळतो.

पुरायचं असेल तर खड्डा निदान चार फूट, विहीर-बोअरपासून लांब, वर दगड रचून. शरीरात औषध असतं, उकरून खाणाऱ्या प्राण्याला बाधतं. शहरात काही महापालिकांच्या प्राण्यांसाठी दाहिन्या आहेत, पत्ता आणि वेळ आदल्या दिवशीच काढून ठेवा.

घरात दुसरा कुत्रा असेल तर हा जाण्याआधी किंवा गेल्यानंतर त्याला जवळ येऊन वास घेऊ द्या. तो दोन-चार दिवस दारापाशी बसेल, जेवण कमी करेल. त्याच्या वेळा, त्याची जागा बदलू नका. आणि त्यानेही ४८ तास वाटीला तोंड लावलं नाही तर दुःखच असेल असं धरून चालू नका. त्याच्याही हिरड्या पाहा, ताप मोजा, गोचिड्या शोधा. दोघे एकाच अंगणात हिंडत होते.